खेळाचे साहित्य घेऊन विमानप्रवास : तिकीट काढण्याआधीपासून सामान हाती पडेपर्यंत

सायकल भरलेले पुठ्ठ्याचे खोके साधारण १४० सेंटिमीटर लांब, ८० सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद असते. या तीन मापांची बेरीज २४५ होते, आणि बहुतेक विमान कंपन्या नेहमीच्या चेक-इन सामानासाठी हीच बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे ६२ इंचांपर्यंत मान्य करतात. आतली सायकल जेमतेम ९ किलोंची असली आणि खोक्यासकट सारे १५ किलोंत बसत असले, तरी ते मोठ्या आकाराचे सामान ठरते. खेळाचे साहित्य नेणाऱ्या प्रवाशाची पहिली चूक बहुधा हीच असते, की तो घरी वजनकाटा काढतो, पण मोजपट्टी काढत नाही.

अशा सामानाबाबत तीन वेगवेगळे प्रश्न असतात. ते तिकिटातल्या मर्यादेत बसते का, आणि बसत नसल्यास जादा शुल्क किती. त्या दिवशी जे विमान येणार त्यात ते प्रत्यक्ष मावते का. आणि आतल्या वस्तू सुरक्षा नियमांनुसार विमानात चढवता येतात का. पहिला प्रश्न पैसे भरून सुटतो, उरलेले दोन सुटत नाहीत. म्हणून पुढचा क्रम तिकीट काढण्याच्या आधीपासून सुरू केला आहे. तिकीट हाती आल्यावर हे प्रश्न विचारायला बसल्यास निम्मे पर्याय हातातून गेलेले असतात.

पायरी पहिली : मर्यादा नीट वाचणे

चेक-इन सामानाची मर्यादा दोन पद्धतींनी सांगितली जाते. एका पद्धतीत एकूण वजन दिलेले असते, उदाहरणार्थ ३० किलो, आणि ते किती बॅगांत भरायचे हे बहुतांशी प्रवाशावर सोडलेले असते. दुसऱ्या पद्धतीत नग मोजले जातात, उदाहरणार्थ प्रत्येकी २३ किलोंचे दोन नग. इथे एका बॅगेत शिल्लक राहिलेले वजन दुसऱ्या बॅगेला वापरता येत नाही. २७ किलोंची किट बॅग आणि १२ किलोंची कपड्यांची बॅग मिळून ३९ किलो होतात, आणि ते ४६ पेक्षा कमीच आहेत. तरीही किट बॅग चार किलोंनी जड ठरते आणि तिचे शुल्क द्यावे लागते. पॅड, हेल्मेट, बूट अशा वस्तू दुसऱ्या बॅगेत हलवून हे शुल्क वाचवता येते, मात्र हे गणित घरी करायचे असते, काउंटरसमोर बॅगा उघडून नव्हे.

३२ किलो हा आकडा वेगळा लक्षात ठेवावा. बहुतेक कंपन्या आणि विमानतळ एका नगाचे वजन यापुढे जाऊ देत नाहीत, कारण तो नग कोणाला तरी हातांनी उचलावा लागतो. २३ ते ३२ किलोंदरम्यान जादा पैसे भरून काम होते. ३२ च्या पुढे पैसे देण्याची तयारी असूनही उपयोग नसतो, सामान दोन नगांत विभागावेच लागते.

आता खेळाच्या साहित्याचा नियम. कंपन्या याबाबत तीनपैकी एका पद्धतीने वागतात. काही कंपन्या साहित्य नेहमीच्या नगांपैकी एक धरतात आणि वजन मर्यादेत असल्यास लांबीकडे दुर्लक्ष करतात; काही प्रत्येक खेळासाठी ठरावीक शुल्क घेतात, जे आधी ऑनलाइन भरल्यास विमानतळापेक्षा बहुधा स्वस्त पडते; आणि काही कोणतीच सवलत न देता जादा नग, जादा वजन आणि जादा आकार अशी शुल्के एकावर एक लावतात. तिसऱ्या प्रकारात तिकिटापेक्षा सामानाचे पैसे जास्त झाले तरी आश्चर्य वाटू नये. स्वस्त तिकिटांत चेक-इन सामान मुळातच धरलेले नसते, म्हणून दोन कंपन्यांच्या भाड्यांची तुलना करताना जाण्याचे आणि येण्याचे सामान-शुल्क मिळवूनच करावी.

‘एक संच’ म्हणजे काय, हेही वाचावे. स्की आणि त्यांच्या बुटांची बॅग असे दोन नग असूनही अनेक कंपन्या त्यांना मिळून एकच संच मानतात. गोल्फच्या बाबतीत एक बॅग, त्यातल्या काठ्या, चेंडू आणि बुटांची एक जोडी असा संच धरण्याची पद्धत आहे. सर्फबोर्डच्या एका आवरणात दोन बोर्ड ठेवल्यास एक नग मोजायचा की दोन, यावर कंपन्यांमध्ये एकमत नाही. सवलत साहित्याला असते, बॅगेला नसते. गोल्फच्या बॅगेत रिकामी जागा दिसली म्हणून आठवड्याचे कपडे कोंबले, तर काउंटरवरचा कर्मचारी सवलत नाकारू शकतो. काठ्यांची टोके टॉवेलात गुंडाळायला कोणी हरकत घेत नाही, पण मधल्या जागेत चार जीन्स निघाल्या तर युक्तिवाद करायला तोंड राहत नाही.

केबिन बॅगेची मर्यादा सहसा ७ ते १० किलो आणि सुमारे ५५ × ४० × २० सेंटिमीटर असते. टेनिसची रॅकेट नियमाने ७३.७ सेंटिमीटरपर्यंत आणि बॅडमिंटनची ६८ सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकते, म्हणजे दोन्ही या मापाबाहेर जातात. काही कंपन्या रॅकेट आत नेऊ देतात, काही देत नाहीत, आणि सुरक्षा तपासणीचा निर्णय त्याहून वेगळा असू शकतो. क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फची काठी, बिलियर्ड्सची क्यू यांच्याबाबत मात्र आशा धरू नये. मारण्यासाठी वापरता येईल अशी लांब वस्तू म्हणून त्या जवळपास सगळीकडे केबिनमध्ये अडवल्या जातात.

पायरी दुसरी : मोजणे, आणि बॅगेसकट मोजणे

मोजताना रिकाम्या बॅगेचे छापील माप धरू नये. भरलेली बॅग फुगते. चाकांची क्रिकेट किट बॅग बॅट आत बसावी म्हणून बहुधा ९० सेंटिमीटरहून लांब असते. ती ९५ लांब, ३८ रुंद आणि ३८ उंच असेल तर बेरीज १७१ होते, म्हणजे १५८ च्या वर १३ सेंटिमीटर. अनेकदा काउंटरवर कोणी मोजपट्टी लावत नाही आणि बॅग निघून जाते. परतीच्या वेळी दुसऱ्या विमानतळावर लावतात, आणि ‘येताना चालली होती’ हे कारण तिथे चालत नाही. चाके, हँडल आणि बाजूचे कप्पे मोजमापात येतात.

वजन करण्यासाठी हाताने उचलून धरायचा छोटा काटा पुरतो, पण सायकलीच्या खोक्यासारखी मोठी वस्तू त्याला नीट लटकत नाही. अशा वेळी आधी स्वतः एकट्याने वजनकाट्यावर उभे राहावे, मग खोके उचलून उभे राहावे आणि फरक काढावा. येणाऱ्या आकड्यावर एक किलोची सूट ठेवावी. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचे पटतेच असे नाही. परतीला ओले बूट, घामाने भिजलेले पॅड आणि चिखल यांचे वजनही सामानात येते, हे मी दोनदा पैसे भरून शिकलो आहे.

पायरी तिसरी : विमान कोणते, हे पाहणे

मोठ्या रुंद विमानांत, उदाहरणार्थ बोइंग ७७७ किंवा एअरबस ए३३०मध्ये, बॅगा आधी धातूच्या कंटेनरमध्ये भरून ते कंटेनर विमानाच्या पोटात सरकवले जातात. कंटेनरमध्ये न मावणाऱ्या वस्तू मागच्या बाजूच्या सुट्या कक्षात हाताने ठेवतात. बोइंग ७३७मध्ये कंटेनर नसतातच. माणसे मालकक्षात ओणवी होऊन एकेक बॅग रचतात. पंख्यांच्या छोट्या प्रादेशिक विमानांत कक्षही लहान आणि दारही लहान. लांब वस्तू दारातून आत घेताना वळवावी लागते, आणि वळायला जागा नसेल तर ती कितीही हलकी असली तरी मागे राहते.

त्यामुळे मोठ्या विमानाने दूरचा प्रवास सुखरूप पार पडतो आणि शेवटच्या तासाभराच्या छोट्या उड्डाणात सर्फबोर्ड अडकतो. पुरुषांच्या स्पर्धेतला भाला २.६ ते २.७ मीटर लांब असतो. पोल व्हॉल्टचे खांब चार-पाच मीटरांचे असतात आणि अनेक कंपन्या ते प्रवासी सामान म्हणून घेतच नाहीत. असे साहित्य नेणाऱ्याने तिकीट काढताना भाड्याइतकेच महत्त्व विमानाच्या प्रकाराला द्यावे. आरक्षणाच्या पानावर तो प्रकार दिलेला असतो. मधले छोटे उड्डाण टाळून शेवटचा टप्पा रेल्वेने किंवा गाडीने करता आला, तर बहुतेक वेळा तोच मार्ग शहाणपणाचा ठरतो.

जोडउड्डाणांत आणखी एक गुंता असतो. तिकीट एका कंपनीने विकलेले आणि विमान दुसऱ्या कंपनीचे, असे आता सर्रास होते. सगळे टप्पे एकाच तिकिटावर असतील तर साधारणपणे एकाच कंपनीचा सामान-नियम पूर्ण प्रवासाला लागू होतो, आणि तो कोणाचा हे तिकिटावर छापलेले असते. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या प्रवासासाठी तर तिथल्या सरकारी नियमानेच तसे बंधन घातले आहे. हे झाले शुल्काचे. वस्तू मावते की नाही, हे मात्र प्रत्येक टप्प्याचे विमान ठरवते. टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर घेतले असतील, तर मधल्या ठिकाणी खोके उतरवून घेणे, बाहेर येणे, पुन्हा काउंटरवर जाणे आणि पुन्हा शुल्क भरणे हे सारे आपल्याच गळ्यात पडते. अशा जोडणीला चार तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये, असे माझे मत आहे.

पायरी चौथी : परवानगी लेखी घेणे

खेळाच्या मोठ्या साहित्याची नोंद बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या २४ ते ७२ तास आधी मागतात. शक्य असेल तर तिकिटाबरोबरच, नाहीतर त्याच दिवशी ती करावी, कारण काही विमानांत अशा नगांची संख्या मर्यादित ठेवलेली असते आणि आधी नोंदवणाऱ्याला आधी जागा मिळते.

फोनवर ‘हो, चालेल’ एवढे ऐकून समाधान मानू नये. एका प्रवासात मी तसे मानले होते. काउंटरवरच्या संगणकात माझ्या आरक्षणापुढे काहीच नोंद नव्हती. मी कोणाशी, केव्हा बोललो हे मला सांगता येईना, आणि वरिष्ठ येऊन निर्णय देईपर्यंत चाळीस मिनिटे मी खोक्यावर हात ठेवून रांगेच्या बाजूला उभा होतो. तेव्हापासून मी ईमेल किंवा चॅटद्वारेच विचारतो. त्यात आरक्षण क्रमांक, प्रत्येक टप्प्याचा उड्डाण क्रमांक, वस्तूचे नाव, तिन्ही मापे, वजन आणि नगांची संख्या देतो, आणि ही नोंद आरक्षणात चढवून सुधारित पावती पाठवावी अशी स्पष्ट विनंती करतो. विमान कंपन्यांच्या आरक्षण प्रणालीत यासाठी चार अक्षरी संकेत असतात. सायकलीसाठी ‘बाइक’ आणि इतर क्रीडासाहित्यासाठी ‘एसपीईक्यू’ असा संकेत वापरला जातो. आपल्या आरक्षणात तो चढला आहे का, असे नेमके विचारल्यास समोरचा माणूसही नेमके पाहतो. परतीच्या टप्प्यासाठी वेगळी नोंद लागते आणि हीच नोंद सर्वांत जास्त वेळा विसरली जाते.

या टप्प्यावर साहित्य न्यायचे की नाही, याचाही विचार करून घ्यावा. कार्गोने पाठवायचे झाल्यास आकारमानाचे वजन लावतात : घनसेंटिमीटरमधले आकारमान भागिले ६,०००. सुरुवातीला सांगितलेल्या खोक्याचे आकारमान २,८०,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ते प्रत्यक्षात १५ किलोंचे असले तरी सुमारे ४७ किलोंचे धरले जाईल. त्यामुळे प्रवाशाबरोबर सामान म्हणून सायकल नेणे बहुधा स्वस्त पडते, आणि भाल्यांसारख्या लांब पण बारीक वस्तूंना कार्गो परवडतो. स्की किंवा सर्फबोर्ड जागेवर चांगल्या प्रतीचे भाड्याने मिळतात; आपले बूट मात्र आपलेच न्यावेत.

पायरी पाचवी : आत काय ठेवता येणार नाही

सामान अडकण्याचे खरे कारण बहुतेक वेळा खेळाची मुख्य वस्तू नसते; तिच्याबरोबर टाकलेली एखादी किरकोळ वस्तू असते.

लिथियम बॅटरीचा नियम आधी समजून घ्यावा. तिची क्षमता वॅट-तासांत मोजतात : व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विशेष परवानगीशिवाय चालते, १०० ते १६० पर्यंतच्या बॅटरीला कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात, आणि १६० च्या वरची बॅटरी प्रवासी सामानातून नेता येत नाही. विजेवरच्या सायकलीची ३६ व्होल्टची, १४ अँपिअर-तासांची बॅटरी ५०४ वॅट-तासांची होते. तिथे चर्चेला वावच नाही, बॅटरी घरी ठेवून पोहोचल्यावर भाड्याने मिळते का ते पाहावे. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक कधीही चेक-इन सामानात ठेवू नयेत. त्या टोके झाकून केबिनमध्येच न्याव्यात, कारण पेट घेतलेली बॅटरी केबिनमध्ये दिसते आणि विझवता येते, पोटातल्या कक्षात ती कोणाला दिसत नाही. सायकलीचे गिअर विजेवर चालणारे असतील तर त्यांच्या छोट्या बॅटऱ्या काढून हातातल्या बॅगेत घ्याव्यात. खोके हलत राहिले तर गिअर जागे राहतात आणि बॅटरी उतरते, तेही यामुळे टळते, हा वेगळाच फायदा.

टायरमध्ये झटपट हवा भरण्यासाठी वापरली जाणारी कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी आंतरराष्ट्रीय नियमात कंपनीच्या परवानगीने मर्यादित संख्येत बसतात. परंतु काही देशांची सुरक्षा यंत्रणा ती सरळ काढून घेते. हातपंप न्यावा, प्रश्न मिटतो. पंक्चर काढण्याचे रबर सोल्युशन ज्वलनशील असते, म्हणून गोंदाशिवाय चिकटणारे तुकडे घ्यावेत. चेनवर मारायचा ज्वलनशील स्प्रेही चालत नाही. थेंबथेंब टाकायची तेलाची लहान बाटली पिशवीत घट्ट बांधून चेक-इन सामानात ठेवता येते. गिर्यारोहणाच्या स्टोव्हचे गॅसचे डबे, भरलेले किंवा अर्धे, कुठेच नेता येत नाहीत, आणि द्रव इंधनाच्या स्टोव्हची टाकी रिकामी करून, धुऊन, वास जाईपर्यंत सुकवावी लागते. डायव्हिंगचे सिलिंडर नुसते रिकामे असून भागत नाही. आत काही नाही हे डोळ्यांना दिसावे म्हणून त्याचा व्हॉल्व्ह काढून न्यावा. पाण्याखालच्या प्रखर दिव्याची बॅटरी वेगळी करावी.

नेमबाजांना याहून कडक शिस्त पाळावी लागते. बंदूक रिकामी, कुलूपबंद कठीण पेटीत आणि आधी जाहीर केलेली हवी. दारूगोळा माणशी ५ किलोंपर्यंत, चेक-इन सामानात आणि कंपनीच्या मंजुरीनेच नेता येतो. निघण्याच्या, उतरण्याच्या आणि मधल्या थांब्याच्या अशा सर्व देशांचे परवाने वेगवेगळे लागतात आणि त्यांना आठवडे लागू शकतात. तलवारबाजीची शस्त्रे, धनुष्यबाण, बर्फातली कुऱ्हाड, क्रॅम्पॉन (बर्फावर चालताना बुटांना लावायचे खिळे) या गोष्टी टोके झाकून चेक-इन सामानात जातात.

पायरी सहावी : बांधणी

सायकलीपासून सुरुवात करू, कारण तिला नीट बांधता आले की इतर साहित्य अवघड वाटत नाही. सुटी करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे चिकटपट्टीची खूण करावी. मग पेडल काढावीत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात; पान्हा वरच्या बाजूला धरून सायकलीच्या मागच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूंची पेडल सुटतात, एवढे लक्षात ठेवले तर गोंधळ होत नाही. पुढचे चाक काढल्यावर ते धरणाऱ्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा ठोकळा बसवावा, नाहीतर बाजूने दाब आला की फोर्क दबतो. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक-पॅडमध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा सरकवावा. रोटर, म्हणजे चाकाला लावलेली ब्रेकची चकती, नसताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात. रोटरही काढून, दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये ठेवून, वेगळे बांधणे बरे.

मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, हँगरपासून, म्हणजे तो ज्या छोट्या पट्टीने फ्रेमला जोडलेला असतो तिच्यापासून, सोडवावा, फोममध्ये गुंडाळावा आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधून ठेवावा. खोके उजव्या बाजूवर आडवे पडले की सर्वांत आधी तोच वाकतो. हँगर मुद्दाम मऊ धातूचा असतो, म्हणजे फ्रेमऐवजी तो वाकावा. म्हणूनच एक जादा हँगर जवळ ठेवावा. तो काही ग्रॅमचा असतो आणि दुसऱ्या फ्रेमचा चालत नाही. हँडलबार त्याला धरून ठेवणाऱ्या स्टेमपासून सोडवून फ्रेमला समांतर बांधावा. पुन्हा जोडताना कार्बनच्या भागांवर बोल्ट अंदाजाने आवळू नयेत. किती जोराने आवळायचे, म्हणजे किती न्यूटन-मीटर लावायचे, तो आकडा बहुधा बोल्टशेजारीच कोरलेला असतो.

टायरमधली हवा काढावी की नाही, यावर वाद होतात. विमानाच्या पोटातल्या कक्षातही प्रवासी कक्षासारखाच दाब राखलेला असतो, आणि तो समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर असतो त्यापेक्षा कमी होत नाही. म्हणजे ८० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) टायरला फार तर चार पीएसआयचा जास्त ताण जाणवतो, आणि तेवढ्याने तो फुटत नाही. तरीही कंपन्यांच्या नियमांत हवा कमी करा असे लिहिलेले असते, म्हणून ती कमी करावी. पण पूर्ण काढू नये, कारण थोडी हवा असेल तर आदळआपटीत रिमला उशी मिळते.

शेवटचा नियम मला एका उघडलेल्या खोक्याने शिकवला. सुरक्षा तपासणीत ते उघडून पुन्हा बंद केले गेले होते. टेप व्यवस्थित लावलेली होती, पण फोर्कमधला ठोकळा आणि एक रोटर आत नव्हता. तेव्हापासून मी कोणतीही वस्तू खोक्यात सुटी ठेवत नाही. लहान भाग एका पारदर्शक पिशवीत, ती पिशवी फ्रेमला बांधलेली, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर आतल्या वस्तूंची यादी आणि ‘परत अशी ठेवावी’ असे दाखवणारा फोटो. कुलूप लावायचेच असेल तर तपासणी अधिकाऱ्यांना स्वतःच्या किल्लीने उघडता येईल असे लावावे, नाहीतर ते तोडले जाते.

गोल्फच्या बॅगेत सर्वांत लांब काठीपेक्षा थोडी उंच अशी एक घडीची कणखर काठी उभी ठेवावी; बॅग वरच्या टोकावर आपटली तर मार तिला बसतो, ड्रायव्हर नावाच्या लांब गोल्फ-काठीला नव्हे. सर्फबोर्डचे फिन काढावेत, पुढचे टोक आणि शेपूट फोमने दुप्पट झाकावे. कंपाउंड धनुष्याला स्वतःची पेटी लागते आणि बाणांना नळी. चेंडूंतली हवा काढली की अर्धी बॅग मोकळी होते. पुठ्ठ्याचे खोके की महागडी कठीण पेटी, असे मला विचाराल तर क्वचित जाणाऱ्याला मी पुठ्ठाच सुचवीन : तो हलका असतो, सायकल आहे हे ओळखू येते म्हणून लोक त्यावर जड वस्तू टाकायला कचरतात, आणि हरवण्याची भीतीही कमी. पावसात उघड्यावर राहिला तर मात्र त्याचा लगदा होतो, म्हणून आत प्लॅस्टिक घालावे.

सामान उशिरा पोहोचले तरी खेळता येईल, अशी विभागणी करावी. बूट, हेल्मेट, पोशाख, दातांचा गार्ड, चष्मा, स्पर्धेची कागदपत्रे केबिन बॅगेत घ्यावीत. भाड्याने मिळालेल्या सायकलीवर आपल्या बुटांनी स्पर्धा पुरी करता येते. नव्या बुटांनी नाही.

पायरी सातवी : विमानतळावर

नेहमीपेक्षा किमान एक तास आधी पोहोचावे. काउंटरवर टॅग लागल्यावर मोठे सामान त्याच पट्ट्यावर जात नाही. वेगळ्या खिडकीवर स्वतः न्यावे लागते, आणि तिथल्या मोठ्या क्ष-किरण यंत्रापाशी कधी कधी खोके उघडायला सांगतात. टेप आणि कात्री विचारात धरावी : टेपचा रोल हातात असावा, कात्री तिथल्यांकडून घ्यावी. टॅगवरची तीन अक्षरे शेवटच्या मुक्कामाची आहेत ना, हे तिथेच पाहावे, आणि टॅगचा दहा अंकी क्रमांक असलेली पावती फोनमध्ये टिपून ठेवावी. आधीच्या प्रवासांचे सर्व टॅग काढून टाकलेले असावेत. खोक्यात ठेवलेला नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारा ट्रॅकर नियमांत बसतो.

काउंटरवर कधी एक वेगळा टॅग पुढे करून सही मागतात. वस्तू नाजूक आहे किंवा बांधणी अपुरी आहे म्हणून नुकसानीची जबाबदारी मर्यादित राहील, असा त्याचा अर्थ असतो. सही करण्याआधी त्यावर कोणत्या चौकटीत खूण केली आहे ते वाचावे; कठीण पेटी असताना ‘अपुरी बांधणी’ची खूण असेल तर ती काढायला नम्रपणे सांगावे, आणि बंद पेटीचा व सही केलेल्या टॅगचा फोटो घ्यावा.

उतरल्यावर मोठे सामान फिरत्या पट्ट्यावर नव्हे, बाजूच्या वेगळ्या दारातून येते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बुटांना, टायरना, गोल्फच्या काठ्यांना किंवा तंबूला लागलेली माती जैवसुरक्षेच्या नियमात येते. ती घरूनच धुऊन नेलेली असावी आणि विचारल्यास जाहीर करावी. महागडे साहित्य परत आणताना ते बाहेर विकत घेतले आहे असा सीमाशुल्क अधिकाऱ्याचा समज होऊ नये, यासाठी खरेदीची पावती आणि अनुक्रमांकाचा फोटो जवळ ठेवावा.

पायरी आठवी : सामान आले नाही किंवा मोडून आले तर

मोठे साहित्य उशिरा येण्याचे प्रमाण साध्या बॅगांपेक्षा जास्त वाटते, आणि त्याचे कारण बांधणीत नसते, जागेत असते : विमान भरले की मोठा नग पुढच्या विमानावर टाकला जातो. जून २०१८पासून आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, ठराव ७५३नुसार सदस्य कंपन्यांनी प्रत्येक नगाची नोंद चार ठिकाणी ठेवायची असते : प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, जोडउड्डाणासाठी सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. म्हणून काउंटरवर ‘माझे खोके कुठे आहे’ असे न विचारता ‘या क्रमांकाची शेवटची नोंद कुठे झाली’ असे विचारावे. सामान-तक्रारीचा अहवाल, ज्याला तिथे पीआयआर म्हणतात, तो भरून त्याचा क्रमांक घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पडू नये.

आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक ठिकाणी १९९९चा माँट्रियल करार लागू होतो. त्यानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची तक्रार सामान ताब्यात मिळाल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत सामान आलेच नाही तर ते हरवले असे धरून दावा करता येतो, आणि कोर्टात जाण्याची मुदत दोन वर्षांची असते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे, आणि ही रक्कम साधारण २,००० अमेरिकी डॉलर होते. मर्यादा प्रवाशामागे आहे, नगामागे नाही. सायकल आणि सुटकेस दोन्ही हरवल्या तरी तीच. साहित्य याहून महाग असेल तर चेक-इन करतानाच जादा मूल्य जाहीर करून त्याचे शुल्क भरण्याची तरतूद करारात आहे, नाहीतर क्रीडासाहित्याचा वेगळा विमा घ्यावा. सामान्य प्रवास विम्यात एका वस्तूमागची रक्कम फार कमी असते, म्हणून पॉलिसीत तो आकडा शोधावा.

वस्तूच्या स्वतःच्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार नसते, त्यामुळे आधीची तडा गेलेली फ्रेम हा वादाचा विषय होतो. निघण्यापूर्वीचे फोटो इथे उपयोगी पडतात. सायकल आली की टेप कापण्याआधी खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो घ्यावेत, मग तिथेच, कर्मचाऱ्यासमोर, ते उघडून फोर्क, हँगर आणि चाके पाहावीत. हॉटेलवर पोहोचून, सायकल जोडून, एक फेरी मारल्यावर दिसलेल्या तड्याबद्दल सात दिवसांच्या आत लिहिता येते हे खरे, पण तो तडा विमानात गेला की त्या फेरीत, हे मग आपल्यालाच सिद्ध करत बसावे लागते.